चिमाकाकी बांधावर आली की

दसऱ्याच्या आसपास आमच्याकडे सकाळचं आभाळ इतकं स्वच्छ असतं की पावसाळा संपला म्हणून छत्र्या माळ्यावर टाकाव्यात. कातळ तापतो, मळ्यातलं लवकर पिकणारं हळवं भात पिवळं होतं, माणसं विळ्यांना धार लावायला बसतात. मग दुपारी, जेवणं होऊन जरा डोळा लागतोय तोवर, पूर्वेला सह्याद्रीच्या अंगाने ढग चढायला लागतात. आषाढातले ढग समुद्राकडून येतात आणि मुकाट्याने बरसतात. हे परतीचे ढग डोंगराकडून येतात, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे वर वर फुगत जातात, आणि येतात ते गुरगुरतच.

रत्नागिरीहून हातखंबा ओलांडून आत शिरलं की आमची वाडी. आमचं घर वरच्या अंगाला, कातळाच्या कडेला. खाली आमची आंब्याची बाग आणि बागेच्या खाली सगळ्या वाडीचा मळा. पडवीत उभं राहिलं की मळ्यात कोण कुठे वाकलंय ते पाठीवरून ओळखू येतं.

या दिवसांत हवामानाचे इशारे मोबाइलवर येतात. अरबी समुद्रावरून बाष्प येत आहे, दक्षिण कोकणात दुपारनंतर विजांच्या कडकडाटासह पाऊस, नागरिकांनी मोकळ्या जागेत थांबू नये, झाडाखाली आसरा घेऊ नये. बाकीच्या गावांतून हे वाचून लोक काय करतात मला ठाऊक नाही. आमच्या वाडीत एकच गोष्ट करायचे. चिमाकाकीला घरी पाठवायचे.

चिमाकाकी पायाळू. म्हणजे आईच्या पोटातून डोकं पुढे न करता पाय पुढे करून आलेली. अशा माणसाला वीज शोधत येते, असं आमच्याकडे मानतात. आणि अशाच माणसाच्या पायाला गुण असतो असंही मानतात, पाठीत उसण भरली तर पायाळूने लाथ मारली की उतरते. एकाच पायांना वाडी भीत होती आणि त्याच पायांखाली पाठही देत होती. दोन्हींत काही वावगं आहे असं कुणालाच वाटत नव्हतं, चिमाकाकीलासुद्धा नाही.

तिचं माहेर लांज्याकडचं. आभाळ भरून आलं की आई तिला माजघरात पाटावर उकिडवी बसवायची, पाय जमिनीला लागू द्यायचे नाहीत, दारं-खिडक्या लावून घ्यायची आणि अंगणात पहार टाकायची, वीज आलीच तर लोखंडावर जावी म्हणून. डाव्या पायात तांब्याचं वळं घातलं ते पाय वाढला तसं घट्ट होत गेलं. शाळेत मास्तर ढग दिसले की तिचं दप्तर तिच्या हातात द्यायचे. त्यामुळे पावसाळी दुपारची शाळा तिला कधी मिळालीच नाही आणि चौथीत ती घरीच बसली. लग्न जमेना. शेवटी आमच्या वाडीतल्या काशीरामच्या बापाने मुलासाठी स्वतःहून मागणी घातली, कारण त्याची पाठ वर्षातून चार महिने धरलेली असायची. हे चिमाकाकी स्वतःच सांगायची आणि वर म्हणायची, "सासऱ्याला लाथ मारायसाठी सून आणलेली दुसरी दाखवा मला."

काशीराम मुंबईला छापखान्यात होता. गणपतीला आणि शिमग्याला यायचा, बाकी वर्ष ही आणि सासरा आणि मळ्यातला तुकडा. तो मुंबईतच छातीच्या दुखण्याने गेला. मुलगा रितेश तिकडेच चिकटला. चिमाकाकी इथेच राहिली. उसण भरलेला माणूस भल्या सकाळी तिच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, येऊन पालथा पडायचा, ती उंबऱ्यावर एक पाय ठेवून दुसऱ्याने त्याच्या कमरेवर हलकेच तुडवायची. माणूस नारळ ठेवून जायचा. सरपंच, तलाठी, शाळेतले गुरुजी, सगळे. "या गावातल्या मोठ्या मोठ्या माणसांना लाथ मारलीय मी," ती मला म्हणायची, "आणि त्याचा नारळही खाल्लाय."

एकदा मला तिने विचारलं होतं, वीज दिसते कशी. मला आधी थट्टाच वाटली. मग कळलं, साठीला आलेल्या या बाईने वीज कधी पाहिलीच नव्हती. गडगडाट ऐकला होता, दाराच्या फटीतून उजेड आत आलेला पाहिला होता, पण आभाळातली वीज कधी नाही. मी जमेल तसं सांगितलं. झाडाच्या मुळांसारखी, पण उलटी, असं काहीतरी. तिने ऐकलं आणि विषय बदलला.

तीन वर्षांपूर्वी रितेशचं लग्न झालं. नम्रता पोफळीची, वडील तिथल्या वीजघरात नोकरीला होते, तिचं सगळं बालपण कॉलनीत गेलेलं. मुंबईतली जागा दोघांना पुरेशी मिळेपर्यंत ती सासूजवळ राहिली. चार दिवसांत कंटाळेल असं आम्हाला वाटलं होतं. ती कंटाळली नाही. तिने बायकांचा बचतगट हातात घेतला, वाडीचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला आणि रोज संध्याकाळी त्यावर दुसऱ्या दिवसाचा हवामानाचा अंदाज टाकायला लागली. नुसता टाकून थांबायची नाही, सोपा करून खाली लिहायची. उद्या दुपारपर्यंत कोरडं. उद्या वारा आहे, पेंढा झाका.

आणि सासूच्या पायाळूपणावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. पहिल्याच परतीच्या पावसात तिने चिमाकाकीला पाटावर उकिडवं बसलेलं पाहिलं आणि हात धरून उठवलं. मी तिथेच होते. ती म्हणाली, "आई, वीज उंच काय आहे ते बघते, ओलं काय आहे ते बघते. जन्म कसा झाला ते विचारत नाही ती कुणाला."

चिमाकाकी हसली आणि परत पाटावर बसली. पण त्या दिवशी तिने अंगणात पहार टाकली नाही, हे मी पाहिलं. सुनेसाठी तिने तेवढं सोडलं.

नम्रताचं सगळं भांडण होतं ते रावजीशी. रावजी वाडीतला जाणता माणूस, कोणाच्या मळ्यात कधी कापणी लागायची ते तो ठरवतो. आज सगळे माझ्याकडे, उद्या सगळे तुझ्याकडे, अशी आमच्याकडे पद्धत आहे. मुंबईला गेलेले पुरुष इतके की एकट्या घराच्या हातांनी भात घरात येत नाही. रावजीचं म्हणणं सरळ होतं. ढग आले की चिमाकाकीला मळ्यातून काढायची, तिच्याबरोबर वीज जाते, मग बाकीच्यांनी खुशाल काम करावं. पाऊस आलाच तर मळ्याच्या कोपऱ्यावरच्या ऐनाच्या झाडाखाली उभं राहावं. इतकी वर्षं असंच चाललं होतं आणि इतकी वर्षं काही झालं नव्हतं, हाच त्याचा पुरावा. नम्रता त्याला संदेश वाचून दाखवायची, झाडाखाली उभं राहू नका असं लिहिलंय. रावजी ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "त्येंना आमच्या वाडीतलं काय ठाव? त्येंच्याकडं पायाळू नसेल."

हे तो चेष्टेने बोलत नव्हता.

आता त्या दिवसाचं सांगते. कापणीची पाळी चिमाकाकीच्या तुकड्याची होती. आदल्या दिवशी भात कापून मळ्यात आडवं टाकलं होतं, वाळायला. त्या दिवशी भारे बांधून खळ्यात आणायचे होते. आदल्या संध्याकाळी नम्रताने ग्रुपवर लिहिलं की उद्या दुपारनंतर विजा आहेत, इशारा नेहमीपेक्षा वरचा आहे, तेव्हा सकाळी लवकर लागू आणि जेवणाच्या आधी मळा रिकामा करू. खाली अंगठ्यांची रांग लागली. रावजीने बोलून पाठवलं, काकींना दुपारची घरी ठेवा म्हंजे झालं.

सकाळी मी ताक घेऊन त्यांच्याकडे गेले तेव्हा रावजीचा धाकटा भाऊ बाबल्या खळ्यात पालथा पडला होता. भारे उचलायचे म्हटल्यावर त्याची पाठ आधीच धरली होती. बाबल्या म्हणजे वाडीचा हसवणारा. शिमग्यात सोंग घ्यायचं ते त्यानेच.

"काकी, पाय हलका टाका," तो जमिनीत तोंड खुपसून म्हणाला. "आज तुमचंच भात उचलायचंय."

"मंग तर जोरातच हवा," म्हणत चिमाकाकीने पाय ठेवला.

नम्रता भांडी घासत होती. ती म्हणाली, "बाबल्याभाऊ, त्यापेक्षा गोळी घ्या."

"गोळीला नारळ द्यावा लागत नाय. मंग गुण कसा यायचा?"

उठला, कंबर वाकवून पाहिली, नारळ उंबऱ्याला लावून ठेवला आणि विळा कमरेला अडकवून मळ्याकडे गेला. त्याला खरंच बरं वाटलं होतं की काय, देव जाणे. चालला तर ताठ.

लवकर लागायचं ठरलं होतं पण दंवाने दगा दिला. रात्री इतकं दंव पडलं होतं की आडवं भात जड होऊन बसलं. ओल्या भाताचे भारे बांधून चालत नाही, आतून तापतात आणि दाणा काळा पडतो. ऊन चढून पेंढी वाजायला लागेपर्यंत सगळे बांधावर बसून राहिले. जेवणाच्या वेळेला निम्मं भात अजून खालीच होतं. कुणी जेवायला घरी गेलं नाही, तिथेच भाकऱ्या खाल्ल्या.

ढग आले ते फार जलद आले. मी वाळत घातलेलं काढायला पडवीत आले तर डोंगर दिसेनासाच झाला होता. सगळं निळंकाळं, आणि आमच्या अंगणात अजून कडक ऊन. पहिला गडगडाट लांबून आला, पोटातल्या कळीसारखा. मळ्यातली सगळी डोकी एकदम वर झाली आणि लगेच एकाच बाजूला वळली, चिमाकाकीकडे.

पुढचं थोडं मी पाहिलं आणि थोडं मागाहून ऐकलं. रावजीने तिला वर जायला सांगितलं. तिने डोक्यावरचा भारा खाली ठेवला. नम्रता मध्ये आली. म्हणाली, जायचं तर सगळ्यांनी जाऊ, एकट्या आईच का. रावजीने सांगितलं की निम्मं भात खाली आहे, आणि ते तुझ्याच घरचं आहे, आम्ही काय आमच्यासाठी थांबलोय? हे बरोबर होतं. तिच्या घरच्या भातासाठी लोक थांबलेले असताना तिनेच पाठ फिरवायची, हे तिला जमेना. चिमाकाकीने तिला सांगितलं, मी वर जाते, तू ताडपत्री घाल आणि लगेच ये. ताडपत्री घालून येते, असं नम्रताने कबूल केलं.

आमच्या बागेतून वर येणारी पायवाट सगळ्यांत जवळची, म्हणून चिमाकाकी आमच्याकडे आली. धापा टाकत होती. मी तिला माजघरात चल म्हटलं, पाट मांडते म्हटलं. ती आत गेली नाही. अशा वेळी ती उघड्यावर कधी थांबली नव्हती, त्या दिवशी पडवीच्या खांबाला धरून उभी राहिली. खालून दिसत होतं, थेंब पडायला लागले तशी माणसं भाताच्या रांगांमधून धावत ऐनाकडे चालली होती. निळी ताडपत्री वाऱ्याने उलटत होती आणि नम्रता एकटी तिच्यावर दगड ठेवत होती.

"फोन लावा तिला," चिमाकाकी म्हणाली. "भात भिजलं तर भिजू दे म्हणावं."

मी लावला. नम्रताने उचलला. वाऱ्याचा आवाज एवढा होता की ती ओरडून बोलत होती. म्हणाली, "काकू, आईंना सांगा मी आलेच. हे सगळे झाडाखाली उभे राहिलेत हो. त्यांना तेवढं बाहेर काढते."

पडवीतून तिचा पिवळा गाऊन आणि वर रितेशचा जुना शर्ट दिसत होता. ती ऐनाकडे हात हलवत चालली होती. माझ्या कानाला फोन होता आणि मी तिला पाहत होते.

त्यानंतर जे झालं ते चिमाकाकीने पहिल्यांदा पाहिलं. तिच्या आयुष्यातली ती पहिली वीज. ऐनाच्या शेंड्यापासून मुळापर्यंत पांढरं झालं आणि आवाज आधी आला की उजेड आधी हे मला आजही सांगता येत नाही. माझ्या कानातला फोन गप्प झाला. झाड तसंच उभं होतं, मधून साल निघालेलं. त्याच्याखालची माणसं आडवी पडलेली. अलीकडे भातात पिवळं काहीतरी.

चिमाकाकी अनवाणीच धावली, मी आणि माझे यजमान अनिश मागोमाग. पडलेल्यांतली बरीचशी माणसं उठत होती, रांगत होती. बाबल्या खोडाला टेकूनच होता, डोळे उघडे. रावजीच्या दोन्ही कानांतून रक्त येत होतं आणि त्याला काही ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं. चिमाकाकी बांध उतरताना त्याने पाहिली आणि दोन्ही हात पुढे करून तिला तिथेच थांबवलं. पुढे येऊ नको, म्हणत होता. अजून गडगडत होतं ना. दोन बायकांनी तिला दंडाला धरून बांधावर दाबून बसवलं. तिची सून तिच्यापासून हाकेच्या अंतरावर भातात पडली होती आणि तिला तिच्यापर्यंत जाऊ दिलं नाही. अनिशने नम्रताची छाती दाबून पाहिली, दाबतच राहिला. मी तिचे हात चोळत होते. आभाळ शांत व्हायला बराच वेळ लागला. तोवर चिमाकाकीने सुटायची धडपडही सोडली होती. मग बायकांनीच तिला सोडलं आणि ती चालत आली.

नम्रता आणि बाबल्या, दोघांनाही रत्नागिरीला नेलं. परत आणलं ते संध्याकाळ उलटल्यावर.

नम्रताचे वडील दुसऱ्या दिवशी पोफळीहून आले. आयुष्यभर वीजघरात काम केलेला माणूस. चिमाकाकीच्या खळ्यात बसून राहिले. जाताना फक्त म्हणाले, "लहानपणी मी तिला घरातल्या बटणालासुद्धा ओल्या हाताने शिवू दिलं नव्हतं."

मला वाटलं होतं, आता वाडी निदान झाडाबद्दल बोलेल. कुणी बोललं नाही. दिवस-कार्य व्हायच्या आतच हिशोब लागला होता. बाबल्याला सकाळीच तिचा पाय लागला होता की. आणि नम्रता तर तिच्याच घरातली, तिच्याच हातचं खाणारी. वीज आली ती चिमाकाकीलाच शोधत, ती नाही सापडली म्हणून तिच्या खुणा असलेल्यांना घेऊन गेली. इतकं नीट बसत होतं सगळं की मी नम्रताचा तो संदेश दाखवत दारोदार हिंडले तेव्हा माझ्याकडे लोक कीव आल्यासारखं पाहत होते. बाबल्याच्या बायकोने मला चहा केला, दिला, आणि म्हणाली, वयनी, तुमच्या पाठीला तिचा पाय कधी लागला नाय, म्हणून तुमी असं बोलताव.

खळ्यात येऊन पालथं पडणारं त्यानंतर कोणी उरलं नाही. कापणीच्या पाळीतूनही तिचं नाव गेलं. रितेशने तिला मुंबईला चल म्हणून फार विनवलं. त्याला आता सातव्या मजल्यावर जागा मिळाली होती, बायकोसाठी घेतलेली. ती म्हणाली, "मला ढगाच्या शेजारी नेऊन ठेवतोस व्हय रे?" त्यावर तो हसला नाही, तीही हसली नाही. एक दिवस ती आमच्याकडे आली आणि अनिशकडे पकड मागितली. पायातलं तांब्याचं वळं त्याच्याकडूनच तोडून घेतलं. आत कातडी पांढरी झाली होती, खोल वळ पडला होता. तो अजून तसाच आहे.

दुसऱ्या वर्षी तिचा तुकडा पडीक राहिला. गवत माजलं. बाकीचा मळा पिकला, पिवळा झाला, ऐन नव्हता तेवढंच. तो सुकला म्हणून तोडला होता. आता माणसं आडोशाला पलीकडच्या आंब्याखाली जायला लागली. ग्रुपवर हवामान टाकणारं कुणी राहिलं नव्हतं. मी टाकून पाहिलं, तर रावजीने खाली लिहिलं, हितं नको. तो आता ग्रुपवर लिहूनच बोलतो. त्याचे कान गेले ते आलेच नाहीत.

एक दिवस दुपारी चिमाकाकी पडवीत येऊन बसली. मला म्हणाली, काय म्हणतोय आज तुमचा फोन? नम्रता जसं सोपं करून सांगायची तसं मी सांगितलं. अरबी समुद्रावर कमी दाबाचा पट्टा आहे, बाष्प येतंय, आज दुपारनंतर विजा. तिने ऐकून घेतलं, पदर डोक्यावरून घट्ट बांधला आणि बागेतून खाली उतरली. मला वाटलं घरी चालली.

ती रावजीच्या मळ्यात गेली. तिथे त्या दिवशी सगळी वाडी कापणीला होती. डोंगरावर अजून नुसता काळा डाग दिसत होता. ती बांधावर जाऊन बसली, पाय खाली सोडून, चिखलात. आधी कुणाचं लक्ष गेलं नाही. मग एका बाईने पाहिलं आणि तिच्या हातातली पेंढी गळली. बायका ओरडल्या, पुरुष हातवारे करायला लागले, तिला उठ म्हणून सांगायला लागले. जवळ मात्र कुणी गेलं नाही, हात लावायचं तर लांबच. ती हलली नाही. तेव्हा सगळेच उठले. विळे तिथेच टाकून माणसं भराभरा बांधांवरून घराकडे सुटली. पाऊस यायच्या आत मळ्यात चिटपाखरू नव्हतं. सगळे आपापल्या दारात पोचल्यावर ती उठली आणि वर आली.

त्या दिवशी वीज कातळावर कुठेतरी पडली. मळ्यात पडली नाही.

तेव्हापासून हे चाललं आहे. भाताच्या दिवसांत ती रोज दुपारी येऊन विचारते, आणि मी विजा म्हटलं की मळ्याकडे जाते. अंदाज कधी चुकतो, लख्ख ऊन पडतं, लोकांची दुपार वाया जाते, कापलेलं तसंच राहून दुसऱ्या पावसात सापडतं. शिव्या खाते ती. सूड घेते म्हणतात. सून खाल्ली आणि आता वाडी खायला बसलीय म्हणतात. कुणीतरी तिच्या पायवाटेवर लिंबू-मिरच्या टाकल्या. ढेकळं मारतात, लांबून. एकदा एक कपाळाला लागलं, मी हळद दाबली. आमचेच गडी ती दिसताच पळाले आणि आमचं भात भिजलं, तेव्हा अनिशही वैतागला, पण तिला काही म्हणाला नाही.

कपाळाला लागलं त्या दिवशी मी तिला म्हटलं, काकी, हे त्यांच्या मनात अजून पक्कं होतंय. तुम्ही मळ्यात आलात की वीज येते असंच ते म्हणणार ना?

"पक्कंच हाय ते," ती म्हणाली. "नम्रता सांगून सांगून थकली, तिचं कुनी ऐकलं? मी काय सांगनार त्येंना. मला बघून उठतात तर उठू देत."

"आणि तुम्ही? तुम्ही तिथे उघड्यावर बसता."

"येते की मी मागनं."

"एखाद्या दिवशी उशीर झाला म्हणजे?"

तिने हळद लागलेला हात पदराला पुसला. मग म्हणाली, "साठ वर्षं तिच्यापासून तोंड लपवलं मी, वयनी. ती आली तेव्हा मी हितं तुमच्या पडवीत उभी होते, सुकी."

मी आतून फोन आणला आणि उद्याचा अंदाज तिला वाचून दाखवला.

यंदाही भात चांगलं आहे. काल दुपारी इशारा होता, लाल नव्हे पण त्याच्या खालचा. चिमाकाकी उतरली. कापणी रावजीकडेच होती. माणसं तिला पाहून निघाली, सवयीने, ओरडाआरडाही कमीच झाला. रावजी एकटा पार तिकडच्या कोपऱ्यात पाठमोरा कापत होता. त्याला बायकांची हाक ऐकू आली नाही. डोंगरावर गडगडलं, तेही त्याला ऐकू आलं नाही. गडगडाट त्याच्यापुरता संपलाच आहे. पण अधूनमधून तो कंबर सरळ करतो आणि बांधाकडे बघतो, हे मी या वर्षी कितीदा पाहिलंय.

त्याने बघितलं. ती बसली होती. त्याने खाली वाकून ढेकूळ उचललं आणि सगळ्या ताकदीने तिच्याकडे फेकलं. ते तिच्यापर्यंत पोचलं नाही. मग विळा कमरेला अडकवला आणि तोंडाने काहीतरी बोलत घराकडे चालू लागला.

तो आपल्या खळ्यात शिरेपर्यंत ती बसून होती. थेंब पडायला लागले होते. मी पडवीच्या खांबाशी उभी होते, ती बागेतून वर यायची वाट बघत.